टेरिटी बाजारातील सकाळ

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हक्का नूडल्स खाल्ल्या असतील. संध्याकाळी कोपऱ्यावर गाडी लागते, कढईचा खडखडाट सुरू होतो आणि तुमचे पाय आपोआप तिकडे वळतात. पण 'हक्का' म्हणजे काय, हे कधी कोणाला विचारले आहे का? मलाही ठाऊक नव्हते. कोलकात्याला गेलो तेव्हा कळले, की हक्का हे पदार्थाचे नाव नाही, माणसांचे आहे.

मामेबहिणीच्या लग्नासाठी आम्ही नाखुदा मशिदीजवळ उतरलो होतो. फजरची नमाज झाल्यावर मामू म्हणाले, "चल, तुला चिनी लोकांचा बाजार दाखवतो." थोडेसे चाललो आणि टेरिटी बाजार आला. रस्त्याच्या कडेला पातेल्यांतून वाफ निघत होती. मोमो, वाफवलेले पाव, माशांच्या गोळ्यांचे सूप असे बरेच काही मांडले होते. तेथे डुकराचे मांसही असते, म्हणून विचारूनच घ्यावे लागते. विकणाऱ्या बाईंनी माझी टोपी पाहिली आणि न विचारताच माशांच्या सुपाकडे बोट दाखवले! उन्हे वर येताच हा बाजार उठतो. उशिरा उठणाऱ्यांनी तिकडे जाण्याचे कष्ट घेऊ नयेत.

आता थोडा इतिहास. १७८० च्या सुमारास आछू नावाचा एक चिनी व्यापारी बंगालमध्ये आला. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने त्याला हुगळी नदीकाठी जमीन दिली. तेथे त्याने ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला आणि आपल्या देशातून मजूर आणले. त्याच्या नावावरून त्या गावाला अछीपूर म्हणतात. त्याची लाल कबर आजही तेथे आहे. चिनी नववर्षाच्या दिवसांत कोलकात्याचे चिनी लोक तेथे जातात. आछूच्या मृत्यूनंतर मजूर शहराकडे वळले. आणि टेरिटी हे नाव? ते चिनी नव्हेच! एदुआर्दो तिरेत्ता या इटालियन माणसाचा तो बाजार होता. लोकांच्या तोंडी तिरेत्ताचा टेरिटी झाला.

चीनच्या वेगवेगळ्या भागांतून आलेल्यांनी वेगवेगळे धंदे धरले. कँटनकडचे लोक सुतारकामात तरबेज होते. हूपे प्रांतातले दात बसवीत. हक्का लोकांनी चामडे कमावण्याचे आणि जोडे शिवण्याचे काम घेतले. चामड्याला हात लावणे इतरांना कमीपणाचे वाटे, म्हणून ते काम यांना मिळाले. टांगरा भागात त्यांचे कारखाने उभे राहिले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे ते हलविण्याचा आदेश दिला. मग कित्येक कारखान्यांच्या जागी खाणावळी आल्या. टांगऱ्यात एक काली मंदिरही आहे. तेथे प्रसाद म्हणून नूडल्स देतात.

बाजाराजवळच १९०५ साली बांधलेले 'सी इप' मंदिर आहे. गंमत म्हणजे कोलकात्यात चिनी मंदिरांना 'चर्च' म्हणतात. सी इप म्हणजे चीनच्या दक्षिणेकडील चार परगणे. मुंबईला माझगावात 'सी यूप कून' नावाचे छोटे चिनी मंदिर आहे. तेही याच चार परगण्यांच्या लोकांनी बांधले. त्याच्या पायथ्यावरून मी कितीदा गेलो असेन, पण वर मान करून पाहिले नव्हते.

दुपारी बेंटिंक स्ट्रीटवर जोडे घ्यायला गेलो. तेथे चिनी लोकांची थोडीच दुकाने उरली आहेत. दुकानदार सत्तरी ओलांडलेले होते. मी त्यांना चाचा म्हणालो.

"चाचा, तुमची भाषा कोणती?"

"घरात हक्का, दुकानात हिंदी, बाजारात बांगला. तुमची, मास्टरजी?"

"घरात उर्दू, शेजारी मराठी."

ते हसले. मग आपणहून सांगू लागले. त्यांचा जन्म आसामातल्या माकुमचा. १९६२ मध्ये भारत आणि चीन यांचे युद्ध झाले, तेव्हा ते शाळेत होते. एके दिवशी घरी पोलीस आले. थोडे कपडे घ्या, म्हणाले. आगगाडी कित्येक दिवस चालली. राजस्थानातल्या देवळी येथे तारेच्या कुंपणात त्यांना ठेवले. चिनी वंशाचे सुमारे तीन हजार लोक तेथे होते. त्यांत भारतातच जन्मलेलेही पुष्कळ होते. चाचांच्या कुटुंबाची चार वर्षे तेथे गेली. परत आले तेव्हा घराचा लिलाव झालेला होता.

"तुम्ही कोणाचा काय गुन्हा केला होता?" मी विचारले.

"आमचे तोंड असे होते," ते म्हणाले. "मीसुद्धा शाळेत 'जन गण मन' म्हणत होतो."

भाऊबहिणी कॅनडाला गेल्या. चाचा गेले नाहीत. का, हे विचारण्याचे मला धाडस झाले नाही. त्यांनी उर्दू वर्तमानपत्राचा एक कागद जमिनीवर पसरला, त्यावर माझे पाऊल ठेवायला सांगितले आणि कानामागची पेन्सिल काढून सावकाश त्याच्याभोवती रेघ ओढली.

"शुक्रवारी या," ते म्हणाले. "जुमा झाल्यावर."