सुकाणूचा दांडा

एप्रिल २०१८. पृथ्वीप्रदक्षिणा पुरी होत आली होती आणि नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन ‘तारिणी’ गोव्याकडे निघाली होती. हिंदी महासागरात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि कार्यक्रमात नसलेला मुक्काम मॉरिशसच्या पोर्ट लुईला करावा लागला. गोव्यातच बांधलेली ही नौका तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाची होती. मग तीस-चाळीस वर्षं खारं पाणी सोसलेल्या नौकेचं सुकाणू किती बारकाईनं बघायला हवं!

बाहेरून दिसतं ते सुकाणूचं पातं. त्याला फिरवणारा दांडा बुडातून एका नळीत वर येतो. तो ज्यांत फिरतो ते बुश वर-खाली असतात आणि बऱ्याच जुन्या नौकांत नळीच्या तोंडाशी ग्लँड असते. चरबीत भिजवलेल्या पॅकिंगच्या दोरीचे वेढे दांड्याभोवती बसवून वरून नट आवळलेला असतो. काहींच्या शेजारी ग्रीसची छोटी वाटी असते. तिचं झाकण अर्धा आटा फिरवलं की ग्रीस आत सरकतं. पण तेवढ्यासाठी मागच्या अंधाऱ्या कप्प्यात टॉर्च दातांत धरून पोटावर सरपटत शिरावं लागतं. काम राहून जातं ते यामुळेच.

ग्रीसनं सुकाणू हलकं फिरतं, आणि समुद्रही बाहेर राहतो. म्हणून हाताला लागेल तो डबा इथे चालत नाही. खाऱ्या पाण्यात धुऊन न जाणारं मरीन ग्रीसच हवं. सील नैसर्गिक रबराचं असेल, तर खनिज तेलाच्या ग्रीसनं ते फुगून खराब होतं. नायलॉनचा बुश तर पाणी पिऊन स्वतःच फुगतो आणि दांडा आवळून धरतो. तिथे कितीही ग्रीस भरा, उपयोग शून्य.

नौका पाण्याबाहेर काढली की पात्याचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरून हलवावं. आधी पुढे-मागे, मग डावीकडे-उजवीकडे. ‘टक्’ असा आवाज आला, तर बुशात खेळ आलेला आहे. मग पॅकिंग काढून दांडा पुसावा आणि नखानं चाचपावा. स्टेनलेस स्टीलला टिकायला प्राणवायू लागतो. ओल्या, कोंडलेल्या जागी तो पोचत नाही आणि बारीक खड्डे पडू लागतात. वरचा भाग चकचकीत, आतला किडलेला. ग्रीसनं हा रोग बरा होत नाही, नुसता झाकला जातो.

नवा दांडाही दगा देऊ शकतो. १९७९च्या फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत ३०३ नौका उतरल्या होत्या. वादळात १५ स्पर्धकांचा जीव गेला. त्याच वादळात कार्बन फायबरचे दांडे मोडून काही नौकांचं सुकाणूच गेलं. साहित्य नवं होतं, महाग होतं, तरी मोडलं.

उलट, मुंबईत सागवानात बांधलेल्या ३२ फुटी ‘सुहैली’ या शिडाच्या नौकेला नळी नाही, ग्लँड नाही; सुकाणू मागे बाहेर टांगलेलं, सगळं डोळ्यांपुढे. तिच्यातूनच दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकट्यानं, कुठेही न थांबता, ३१२ दिवसांत जग फिरून आले.

ज्यांचा दांडा नळीत दडलेला आहे, त्यांनी हंगामाआधीच पॅकिंग बदलून घ्यावं. नट इतकाच आवळावा, की पाणी झिरपू नये आणि सुकाणूही जड होऊ नये. आणि आणीबाणीचा टिलर, म्हणजे सुकाणू हातानं फिरवायची मूठ, एकदा बंदरातच, भर दिवसा बसवून बघावा.