मांजरा, गोदावरी आणि हिरव्या चहाचा पेला

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात. १९१७ साली या गोल बाजारपेठेची आखणी झाली, तेव्हापासून मराठवाड्यातील धान्य, कापड, किराणा आणि सोने-चांदीचा व्यवहार या वर्तुळाभोवती फिरत आला आहे. या व्यवहाराला वंगण चहाचे. भाव ठरण्यापूर्वी चहा, सौदा पटल्यावर चहा आणि उधारी मागायला आलेल्या माणसालाही आधी चहा. आपल्या जैन पेढ्यांवर त्याची थोडी निराळी चव असते. आल्याऐवजी सुंठ किंवा वेलदोडा घातलेला, परसातल्या गवती चहाच्या दोन पाती टाकून उकळलेला तो दुधाळ चहा आपल्या तीन पिढ्यांनी घेतला आहे.

अलीकडे याच पेठेतील किराणा दुकानांत हिरव्या चहाची खोकी दिसू लागली आहेत. पुष्कळांना वाटते की हा गवती चहाचाच कुणी भाऊबंद असावा. वस्तुतः गवती चहा हे सुगंधी गवत आहे, तर हिरवा चहा आणि आपला नेहमीचा काळा चहा ही एकाच झाडाची पाने आहेत. फरक आहे तो संस्काराचा. खुडलेले पान तसेच राहू दिले तर कापलेल्या सफरचंदासारखे तपकिरी पडते. काळ्या चहासाठी पान मुद्दाम चुरगळून हा बदल पूर्ण होऊ देतात. हिरव्या चहासाठी मात्र पान खुडल्यावर लवकरच त्याला आच देतात, की बदल थांबतो आणि हिरवेपण टिकते. जपानमध्ये ही आच वाफेची असते, तर चीनमध्ये बहुधा तापलेल्या कढईची.

चीनमधील हांगचौ शहराच्या पश्चिम सरोवराभोवतीच्या टेकड्यांवर होणारा ‘लुंगचिंग’ हा या कलेचा नामांकित नमुना. कारागीर लोखंडी कढईत उघड्या तळहाताने पाने दाबतो, उलटतो, झटकतो. त्या दाबाने पान चपटे होते आणि त्याला भाजलेल्या दाण्यासारखा मंद वास येतो. तेथील पंचांगात ५ एप्रिलच्या सुमारास ‘छिंगमिंग’ हा पूर्वजस्मरणाचा दिवस येतो. त्याआधी खुडलेली कोवळी पालवी सर्वांत मोलाची. नंतर पाऊस वाढतो, पान भराभर मोठे होते आणि भाव उतरतो. हंगामाचा पहिला माल आणि नंतरची आवक यांतील फरक बाजार समितीत वावरणाऱ्या वाचकांना समजावून सांगायला नको. चीनमधील एकूण चहात निम्म्याहून अधिक वाटा आजही हिरव्या चहाचा आहे. चहा घडवण्याची ही पारंपरिक विद्या २०२२ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाली.

आपला ‘चहा’ हा शब्दही चिनी ‘छा’चाच आप्त. खुश्कीच्या मार्गाने निघालेल्या तांड्यांबरोबर तो ‘चाय’ झाला. फूच्येनच्या किनाऱ्यावरील बोलीतला ‘ते’ डच जहाजांतून युरोपात गेला आणि इंग्रजीत ‘टी’ म्हणून रुळला. माल ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने शब्दही जातो.

परंतु चिनी रसिक पानाइतकाच पाण्याचा विचार करतात. आठव्या शतकातील लू यू या विद्वानाने चहावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात त्याने डोंगरातील झऱ्याचे पाणी उत्तम, नदीचे मध्यम आणि विहिरीचे कनिष्ठ ठरवले आहे. हांगचौचे लोक लुंगचिंग चहासाठी हूपाओ झऱ्याचे पाणी आणतात.

हे वाचताना लातूरकराच्या मनात निराळेच काही हलते. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. तेव्हा एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ‘जलदूत’ गाडीच्या पहिल्या खेपेत दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या धावल्या. सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूरचे पाणी ज्या गावाने प्यायले, त्याला पाण्याची प्रतवारी कुठल्या तोंडाने सांगावी? आणि तरीही पाण्याची किंमत त्या गावाइतकी कुणाला ठाऊक असणार?

आपल्या भागातील कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. त्यातील चुन्याचे क्षार चहातील द्रव्यांशी संयोग पावतात. मग पेल्यात साय धरावी तशी तकाकी तरंगते, रंग काळवंडतो आणि सुगंध मावळतो. दूध-साखरेच्या चहात हे झाकले जाते. हिरव्या चहात झाकायला काहीच नसते. येथे आपल्या घरची जुनी रीत कामी येते. पाणी गाळून उकळावे, हा आपला आचार अहिंसेच्या दृष्टीने आला. मात्र उकळल्याने पाण्याच्या जडपणाचा एक भाग भांड्याच्या बुडाशी पांढरा थर होऊन बसतो. ते पाणी निवळून वरचे अलगद घेतले, तर चहासाठी पुष्कळ हलके होते. तपस्व्यांसाठी रोज उकळलेले पाणी ठेवणाऱ्या घरात हिरव्या चहाची निम्मी तयारी आधीच झालेली असते.

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेड गाठले की नदी बदलते. येथे गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे आणि हजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून येणाऱ्या यात्रेकरूंची अखंड वर्दळ आहे. त्यांना आणणारी सचखंड एक्सप्रेस नांदेड आणि अमृतसर ही दोन गावे जोडते. हिरव्या चहाच्या भारतीय इतिहासात अमृतसरला मोठे स्थान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची रोपे व जाणते कारागीर भारतात आणले. त्याच सुमारास हिमाचलातील कांगडा खोऱ्यात चिनी जातीच्या चहाची लागवड सुरू झाली. तेथला हिरवा चहा अमृतसरच्या व्यापाऱ्यांमार्फत काश्मीर आणि काबूलकडे जाई. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपाने ते खोरे उद्ध्वस्त केले. कारखाने कोसळले आणि अनेक इंग्रज मळेवाले मळे विकून निघून गेले. मागे राहिलेल्या स्थानिकांनी लागवड टिकवली. २००५ साली कांगडा चहाला भौगोलिक मानांकन मिळाले. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट पाहिलेल्या आपल्या प्रदेशाला या चिकाटीचे मोल अधिक कळेल. चिनी वाणाचा हिरवा चहा चाखायचा, तर चीनपर्यंत जाण्याची गरज नाही.

करण्याची पद्धत सोपी आहे. पाणी उकळून चार-पाच मिनिटे थांबावे, म्हणजे ते ८० अंशांच्या आसपास येते. उकळते पाणी थेट ओतले तर कोवळे पान भाजते आणि कडवटपणा उतरतो. पेलाभर पाण्याला चमचाभर, म्हणजे दोन-तीन ग्रॅम पाने घ्यावीत, दोन मिनिटांनी अर्क गाळावा. साखर, दूध काहीही नको. हीच पाने आणखी दोनदा वापरता येतात. दुसरा पेला बहुधा सर्वांत गोड लागतो. चीनमध्ये काचेच्या साध्या पेल्यात पाने तशीच ठेवून, ती उलगडताना पाहत हा चहा पितात. थोड्या पानांत तीनदा आनंद ही गोष्ट अपरिग्रहाच्या विचाराला साजेशीच म्हणावी.

मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हा चहा औषध नव्हे. वजन झरझर उतरते, असे खोक्यांवर सुचवलेले असते, त्यावर विसंबू नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चहातील द्रव्ये धान्य-भाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यात अडथळा आणतात. आपला आहार पूर्ण शाकाहारी असल्याने हे लोह सांभाळणे भाग आहे. म्हणून जेवणाबरोबर हा चहा घेऊ नये, तासभर अंतर ठेवावे. रक्त कमी असलेल्या भगिनींनी आणि गर्भवतींनी तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. त्यात कॅफिनही असते, त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्यास्ताची घाई करून शेवटचा पेला घेण्यापेक्षा नवकारशी पारल्यानंतरची सकाळची वेळ निवडावी. आणि उपवासाच्या दिवशी उकळलेले पाणी म्हणजे फक्त पाणीच. त्यात पान पडले की ते पाणी राहत नाही.

पेढीवरचा दुधाळ चहा जाणार नाही, जाऊही नये. तो आपल्या आतिथ्याची भाषा आहे. हिरवा चहा आतिथ्यापेक्षा एकांताचा. पण त्याच्या पेल्यात पाणी जसे असेल तसेच दिसते आणि तसेच लागते. मांजरेच्या आणि गोदावरीच्या काठी राहणाऱ्यांनी आपले पाणी असे उघड्या डोळ्यांनी पाहणे, ते गाळून, उकळून, थेंब न सांडता वापरणे, हा चहापेक्षाही मोठा संस्कार आहे. तो आपल्या घरात पूर्वीपासून आहे. तो पुढच्या पिढीच्या हाती देताना सोबत एक पेला असला, तर बरेच.