पंडरीहून केशकालपर्यंत

वाचकहो, रायपूरला आलात तर कापडखरेदीसाठी आपली पावले पंडरीकडे वळतीलच. जुन्या प्रवाशांना मात्र पंडरी आठवते ती बसस्थानकामुळे. २०२१ साली ते भाठागावला हलले.

माझे थोरले बंधू जगदलपूरला नोकरीस होते. शनिवारी घरी येत आणि रविवारी रात्री पंडरीहून परतीची बस धरीत. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने तोच सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता मोटारसायकलवरून, आईला मागे बसवून, पाहण्याचे मनात घेतले.

त्याचा जीव जडला होता बीएमडब्ल्यूच्या १३०० सीसीच्या गाडीवर. आमच्या पिढीच्या भाषेत थोराड फटफटी! किंमत वीस लाखांवर, वजन २३७ किलो. चिखलात ती आडवी झाली तर एकट्याने उचलायची कशी, या प्रश्नाने तो जरा वरमला. अखेर पंडरीतील एका दुकानात आम्ही रॉयल एनफिल्डची ४५२ सीसीची हिमालयन पाहिली. वजन १९६ किलो. ३५० सीसीवरील गाड्यांना सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी लागतो, हेही आपण हिशेबात धरावे.

विक्रेता अश्वशक्तीचे गुणगान करीत होता. वहिनी बैठकीकडे पाहत होत्या. जमिनीपासून ८२५ मिलिमीटर! पुतण्याचे चवडे जेमतेम टेकले. अशी गाडी घेताना मागे बसणारे माणूस बरोबर न्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण ते चढताना गाडी कलते आणि खरी कसोटी तेव्हाच लागते. वहिनींनी पायदानावर पाय ठेवला, मुलाच्या खांद्याचा आधार घेतला. पण दोन्हीकडे पाय टाकून बसायचे तर नेसती साडी आड आली. त्या मुकाट्याने उतरल्या, कापडबाजारात शिरल्या आणि वयाच्या साठाव्या वर्षी पहिला पंजाबी ड्रेस घेऊन परतल्या.

गाडी ठरली. दोन शिरस्त्राणेही घेतली.

धमतरी, कांकेर मागे पडले की केशकालचा बारा वळणांचा घाट लागतो. माथ्यावर पुतण्याने गाडी थांबवली. वहिनी खाली उतरून बराच वेळ दरीकडे पाहत राहिल्या.

“ह्यांना इथेच जाग येत असे,” त्या म्हणाल्या. “वळणे मोजत, असे सांगत.”