मेलबर्नची टाकी, हिरवळ आणि नंदगडचा पाऊस

छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवून पंपाने अंगणातल्या हिरवळीला देणे, ही मेलबर्नच्या उपनगरांत सर्रास दिसणारी सोय आहे. ती घरोघरी पोचली १९९७ ते २००९ या लांबलेल्या अवर्षणात. जुलै २००५ पासून व्हिक्टोरिया राज्यात नव्या घराला पावसाची टाकी किंवा सौर बंब, दोहोंपैकी एक बसवणे आवश्यक झाले. पुढे नळाच्या पाण्याने हिरवळ भिजवायला बंदी आली, आणि जून २००९ मध्ये शहराच्या धरणांतला साठा सुमारे २६ टक्क्यांवर उतरला. टाकीच्या पाण्याला ती बंदी नव्हती. ज्यांनी आधीच टाकी बसवली होती, त्यांना त्या उन्हाळ्यांतही हिरवळ भिजवता आली.

नंदगड या गावाहून तिकडे गेलेल्या माणसाला यातला हिशेब अवघड नाही. पागोळ्यांखाली हंडे-घागरी मांडणे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मेलबर्नला वर्षाला सरासरी ६५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावरून, गळती आणि बाष्पीभवन वजा जाता, पन्नासेक हजार लिटर पाणी मिळते. टाकी मात्र दोन ते पाच हजार लिटरचीच असते. तरी ती पुरते, कारण तिथला पाऊस बारा महिन्यांत थोडाथोडा येतो आणि टाकी पुन्हापुन्हा भरते. हिवाळ्यात हिरवळीला पाणी लागत नाही, तेव्हा तेच पाणी शौचालयाला वापरतात.

पंप लागतो तो दाबासाठी. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. म्हणजे दोन मीटर उंचीची टाकी काठोकाठ भरली तरी जेमतेम ०.२ बार मिळतो. एवढ्यावर पाइपातून नुसती धार पडते, तुषार फिरत नाहीत. त्यांना दीड-दोन बार तरी हवेत. म्हणून अर्धा ते एक अश्वशक्तीची मोटर बसवतात. तोटी उघडली की दाब उतरतो आणि मोटर आपोआप सुरू होते. पंप टाकीच्या तळालगत असल्याने पाणी स्वतःहून त्यात उतरते. शिवारातल्या मोटरीसारखा फूट व्हॉल्व लागत नाही, मोटर हवाही धरत नाही. तळाचा गाळ ओढला जाऊ नये म्हणून पाणी थोडे वरून घेतात, पाला आणि डास अडवायला तोंडावर जाळी लावतात. पहिल्या सरीचे घाण पाणी वेगळे काढून टाकणे ही खरी महत्त्वाची काळजी. तिच्यात हयगय झाली की तुषारांची भोके बुजतात.

पन्नास चौरस मीटर हिरवळीला दहा मिलिमीटर पाणी द्यायचे तर पाचशे लिटर लागतात. पाच हजारांची टाकी अशी दहा वेळा पुरते. हरळी लावली असेल तर आणखी ताणता येते. नंदगडचा शेतकरी जी हरळी खणून बांधावर फेकतो, तीच मेलबर्नला मुद्दाम पेरतात, कारण ती उन्हाला दाद देत नाही.

ही पद्धत जशीच्या तशी नंदगडला नेऊ नये. तिथे पाऊस मेलबर्नपेक्षा कितीतरी जास्त, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पाच हजारांची टाकी आषाढात लवकर भरेल, मग उरलेला पावसाळाभर वाहत राहील, आणि दिवाळीनंतर एकदा रिकामी झाली की वळवापर्यंत कोरडी. आठ महिने पुरेल एवढी टाकी साध्या घराला परवडत नाही. अशा ठिकाणी छपराचे पाणी वाळू-खडीतून गाळून विहिरीत किंवा बोअरच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडावे, आणि टाकी ठेवायचीच तर ती धुण्याभांड्यांपुरती ठेवावी.