धुतलेले मीठ

बनाना योशिमोतोच्या 'किचन' (1988) मधली मिकागे आजी गेल्यावर फ्रीजशेजारी अंथरूण टाकते. घरात दुसरीकडे कुठे तिला झोपच लागत नाही. योको ओगावाच्या 1994 सालच्या एका कादंबरीत बेटावरून एकेक वस्तू नाहीशी होते, पाठोपाठ तिची आठवणही पुसली जाते, आणि एक आई असल्या वस्तू तळघरातल्या कपाटाच्या खणांत जपून ठेवते. जपानी लेखिकांची ही तऱ्हा आपल्याकडे नव्या चवीची म्हणून वाचली जाते. मला मात्र ती वाचताना लक्ष्मीबाई टिळकांची नगर-राहुरी आठवते. मन दाखवायचे तर मनाविषयी बोलू नये, भांड्याकुंड्यांविषयी बोलावे, हे त्यांना 'स्मृतिचित्रे' (1934 ते 1937, चार भाग) लिहितानाच उमगले होते.

अठराशे सत्तावनच्या बंडानंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि वडिलांच्या डोक्यात सोवळे शिरले, ते इतके की घरात मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. मीठ धुतल्यावर हाती काय उरणार! वडिलांच्या भेदरलेल्या मनाची चिकित्सा लक्ष्मीबाई करत बसत नाहीत. पाण्यात चाललेले मीठ दाखवतात आणि पुढे जातात. पुढे 1895 मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, संसार दुभंगला. काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे आल्या तरी चूल वेगळी, पाणी वेगळे. 1900 साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण वाचणाऱ्याला खरे धर्मांतर त्याआधीच दिसते: दोन चुलींमधले अंतर कमी होत जाते त्यात.

कुणी म्हणेल, ते कल्पित आणि हे आत्मचरित्र; तुलना कशी जुळावी? पण टिळकांच्या चरित्राला उपयोगी पडाव्यात म्हणून मुलाने, देवदत्तने, आईकडे आठवणी मागितल्या, आणि त्यांतून उभी राहिली ती आईच. कुठल्या आठवणीपाशी थांबायचे आणि कुठली एका वाक्यात उरकायची, ही निवड कादंबरीकाराचीच असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मिकागे एकटी आहे, तिचे दुःख शांत आहे, लक्ष्मीबाई तर पानोपानी हसवतात, मग अंतरंग कुठे? मला वाटते, ते त्या हसण्यातच आहे. मिकागेला निदान रिकामे स्वयंपाकघर मिळाले. टिळकांच्या घरात माणसांचा राबता. न सांगता निघून जाणारा, हातचे देऊन टाकणारा नवरा. अशा भरल्या घरात रुसायला कोपरा नसतो. तिथे तक्रार करायची तर विनोदानेच, म्हणजे ऐकणारा चिडत नाही आणि सांगणारीचे सांगूनही होते. त्यामुळे या पुस्तकाला 'साधेभोळे' म्हणण्याची आपली सवय मला पटत नाही. टिळकांच्या 'ख्रिस्तायन' या अपुऱ्या काव्याला चौसष्ट अध्याय जोडणारी बाई भोळी कशी?

तिसरा आक्षेप माझ्याकडे आहे, आणि त्याला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. धुतलेल्या मिठाचे हसू उंबऱ्याच्या आतल्यांचे. ज्यांच्या स्पर्शाच्या भीतीने ते धुतले जात होते, त्यांच्या लेकीबाळींनी हीच आठवण लिहिली असती, तर तिथे पाणी बहुधा वेगळ्या कारणाने आले असते.