तीन एकरातलं एक एकर खाण्याचं



कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातलं धान्य दुष्काळातच संपतं, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नाही. चांगल्या पावसाच्या सालातही आखाड-श्रावणात आमच्याकडं डबे खडखडतात. पैसा बी-खतात गेलेला, सोयाबीन फुलात, दसरा-दिवाळीपर्यंत रुपया यायचा नाही. रान हिरवंगार अन् किराणा उधारीवर.

दोन वर्षांमागं अशाच दिवसांत भावकीतली एक वहिनी पायलीभर ज्वारी उसनी मागायला आली. तीन एकर रान, सोयाबीन बघत राहावं असं. बायको म्हणाली, पैसे देऊ का? तर म्हणते, "पैसे नको बाई. घरात पैसे दिसले की आधी उधारीवाला येतो. ज्वारी असली तर लेकरं तरी खातील."

मला तेव्हापासून या हिशोबानं सोडलं नाही.

रेशनचा आधार मोठा आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. त्याला नावं ठेवणाऱ्यानं आमच्या वस्तीवर एक पावसाळा काढून बघावा. पण पाच माणसांना २५ किलो गहू-तांदूळ म्हणजे राबणाऱ्या घरात दहा-बारा दिवस. भाकरी त्यात नाही, वरणही नाही. मग डाळ महाग झाली की चटणीवर भागवायचं, आणि त्यात पहिली वाटी बाईची कमी होते.

उपाय नवा नाही, आपल्या म्हाताऱ्यांचाच आहे. मुगाच्या बेवडावर रब्बी ज्वारी. मूग जूनमध्ये पेरला की साठ-पासष्ट दिवसांत, म्हणजे नेमका टंचाईच्या महिन्यात घरात येतो. रान ऑगस्टअखेर मोकळं. पाळी घालून ओल धरायची अन् सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ज्वारी टाकायची. एकरी ४ किलो बी पुरतं. एकाच तुकड्यात डाळ, भाकरी आणि जनावराला कडबा. कडबा असला तर गाय राहते, गाय राहिली तर लेकराच्या पेल्यात दूध. ही कडी सोयाबीननं तोडली. सोयाबीनचं भुसकट जनावर खातं, पण कडब्याची सर त्याला नाही.

आमच्या मध्यम रानात, पाऊस बरा असेल तर, एकरी दोन-अडीच क्विंटल मूग आणि चार-पाच क्विंटल ज्वारी होते. पाच माणसांना रेशन धरून वर्षाला चार क्विंटल ज्वारी भागते. मुगाचं एक क्विंटल घरात ठेवायचं, उरलेलं विकून ज्वारीची मशागत निघते. तेच एकर सोयाबीनला दिलं तर? २०२४-२५ ला हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण आमच्यापैकी बहुतेकांनी माल त्याच्या खाली घातला. खर्च वजा जाता एकरी जे हाती राहिलं, त्यात वर्षाची ज्वारी आणि डाळ दुकानातून आली नसती.

वहिनींच्या मालकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "भाऊ, ज्वारी खाऊन कर्ज फिटत नाही." खरं आहे त्याचं. शाळा, दवाखाना, सोसायटीचा हप्ता, सगळ्याला रोकड लागते. म्हणून दोन एकर सोयाबीन राहू द्या, पण त्यात चार ओळींमागं दोन ओळी तुरीच्या घाला. विद्यापीठाची शिफारसच आहे ती. सोयाबीनला पावसानं दगा दिला तरी तूर काहीतरी देते.

आणखी एक, पटलं तर घ्या. अडतीवर गेलेला माल पुरुषाच्या खिशात येतो, कणगीतला माल बाईच्या हातात राहतो. कणगीतली ज्वारी कोणी गुपचूप विकून लग्नात आहेर करत नाही. करायला गेला तर घरात महाभारत होतं.

अडचणीही सांगतो. मूग तोडणीला आला अन् झड लागली तर शेंगेतच कोंब येतात, म्हणून शेंगा वाळतील तशा तोडत राहायचं, सगळ्या वाळायची वाट बघायची नाही. ठेवणीचा मूग कडक वाळवून लगेच डाळ भरडून घ्या, अख्खा ठेवला तर भुंगेरा चाळण करतो. ज्वारी दाताखाली कट्टकन फुटेपर्यंत वाळवा, मगच कोठीत घाला. बियाणं रान बघून घ्या: हलक्या रानात फुले अनुराधा, मध्यम रानात फुले सुचित्रा किंवा आपली मालदांडी, भारी रानात फुले वसुधा. काढणीला मजूर मिळत नाही, हे रडगाणं सगळीकडचंच आहे.

सगळ्यात मोठी अडचण पाखरं. सगळ्या शिवारात एकट्याचीच ज्वारी असली की शिवारभराची पाखरं त्याच्याच कणसावर बसतात. गेल्या साली माझ्या बांधाकडच्या ओळी नुसती बोंडं राहिली. म्हणून यंदा आम्ही पाच जणांनी ओढ्याकडचा सलग पट्टा धरलाय, एकेक एकर. वहिनींचं एकर त्यात आहे, मालक अजून कुरकुरतोय. माळा मधोमध एकच, राखणीच्या पाळ्या ठरल्यात, सकाळची माझी. परवा चार बोटं ओल होती, अजून एक पाऊस पडला की तिफण काढतो.