सायकल खरखर करते

आमचे अब्बा सायकलवरून पाव विकत. दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या चार-पाच वाड्यांत पहाटे त्यांचा भोंगा वाजला की घराघरांत चुलीवर चहा चढे. सायकल काळी, जड, लोखंडी रिमची आणि सळीच्या ब्रेकची. मागे पावाची पेटी, पावसाळ्यात तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद. भिजून घरी आले की डोकं पुसण्याआधी ते सायकल पडवीत घेत, तांब्याने दोन्ही रिमांवर पाणी ओतत आणि मैद्याच्या पोत्याच्या तुकड्याने रिम आणि ब्रेकचे रबर पुसून काढत. अम्मी चिडायची, "आधी कपडे बदला, सायकल काय पळून जाते?" आम्हां भावंडांना वाटे, अब्बांना सायकल चमकवायची हौस आहे. आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनीही कधी सांगितलं नाही.

हे सगळं आठवायला एक अपघात व्हावा लागला.

बी.एड. करून आम्ही उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. आमच्या मुलांची भाषा घरात कोकणी, बाजारात मराठी आणि वर्गात उर्दू. घर्षण शिकवताना फळ्यावर 'रगड' लिहायचं, शेजारी मराठी शब्द सांगायचा आणि उदाहरण म्हणून सायकलचा ब्रेक द्यायचा, हे आमचं वर्षानुवर्षांचं ठरलेलं. २०२४ च्या जुलैत हाच पाठ चालू असताना आठवीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, मेरी सायकल खरखर करती है."

आम्ही म्हणालो, "बारिश है बेटा, भीग गई होगी. सूखेगी तो ठीक हो जाएगी."

वर्ग हसला, आम्हीही हसलो आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळलो.

चार दिवसांनी शाळा सुटल्यावर उतारावर तिचा ब्रेक धरला नाही. सायकल गटारात गेली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. डोकं वाचलं, ही अल्लाहची मेहेरबानी.

पण खरा घाव पुढेच होता. तिचे वडील कुवेतला. घरात आजोबांचा शब्द. त्यांनी सांगितलं, आता सायकल नाही. एस.टी. शाळेच्या वेळेला नाही, आणि चालत जायचं तर पावसात पाऊण तास. म्हणजे शाळाच नाही. "आठवीपर्यंत शिकली, पुष्कळ झालं," असंही ते बोलले. हजेरीपटावर महिनाभर रेघ पडली की मुलीचं नाव कसं हळूच गळून जातं, हे आम्ही अनेकदा पाहिलं आहे.

आम्ही तिच्या घरी गेलो. सायकल अंगणात तशीच पडली होती, लाल चिखल रिमवर वाळून बसलेला. ती आधी तिच्या भावाची. वडिलांनी कुवेतहून पैसे पाठवून घेतलेली, हलक्या अॅल्युमिनियमच्या रिमची. भाऊ मुंबईला गेला आणि ती हिच्याकडे आली. म्हणजे त्या रिमने आधीच कितीतरी पावसाळे खाल्लेले होते.

आम्ही सायकल उलटी केली. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा झिजून नाहीशा झाल्या होत्या आणि रबरात चंदेरी ठिपके चमकत होते. ते रिमचेच कण. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. चिरेखाणींतून डंपर लाल माती रस्त्यावर आणतात, खड्ड्यांतली खडी फुटून तिचा चुरा होतो. हे सगळं पाण्याबरोबर रिमवर चढतं आणि रबरात रुतून बसतं. मग रबर रबर राहत नाही, पॉलिश पेपर होतो. ब्रेक दाबला की तो रिम तासतो, तासलेले कण पुन्हा रबरात रुततात आणि आणखी तासतात. खरखर म्हणजे दुसरं काही नव्हतं.

तिच्याच कंपासपेटीतली पट्टी घेऊन रिमच्या बाजूवर उभी धरली. सपाट हवी ती बाजू आत वाकलेली होती, पट्टीखालून उजेड दिसत होता. नव्या रिमची ही भिंत साधारण दीड मिलिमीटरची असते. एकच्या खाली गेली तर रिम बदलावी. कारण बाहेरून ब्रेक दाबतो तसा आतून टायरमधल्या हवेचा जोर असतो. एके दिवशी भिंत फाटते आणि चाकच अडकतं.

आम्ही आजोबांना सांगितलं, "चूक तिची नाही. ती सांगत होती, आम्ही ऐकलं नाही."

आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझा बाप पावाची पेटी घेऊन घाटी उतरायचा ना, तो वरूनच ब्रेक हलके धरून यायचा. मी म्हणायचो, एवढा घाबरतोस कशाला? तर म्हणे, आधी पाणी पुसू दे, मग ब्रेक लागतो."

आम्ही विज्ञानाचे शिक्षक, आणि हे आम्हांला पाव घेणाऱ्या म्हाताऱ्याकडून कळलं. ओल्या रिमवर, त्यातही लोखंडी रिमवर, ब्रेक लगेच धरत नाही. पहिले काही फेरे रबर नुसतं पाणी पुसतं. पडवीतलं ते धुणं चमकवण्यासाठी नव्हतं. सकाळी पुन्हा भरलेली पेटी घेऊन उतरायचं होतं आणि खाली आमची वाट बघणारं घर होतं.

नवी रिम बसवायला सगळ्या तारा काढून पुन्हा बांधाव्या लागल्या. रबरं मात्र पन्नास-साठ रुपयांत आली. आजोबांनी एकच अट घातली, "मास्तर, तिला नुसती चालवायला नको, बघायलाही शिकव." प्लॅस्टर निघाल्यावर ती शाळेत आली.

आता पावसाळ्यात दर शनिवारी शाळेच्या नळावर सायकली रांगेत लागतात. चिखल वाळायच्या आत रिमच्या दोन्ही बाजू आणि रबर धुवायचे, जुन्या सुती कापडाने पुसायचे. रबरातला चमकता कण कर्कटकाच्या टोकाने उचकटायचा, वरचा गुळगुळीत थर पॉलिश पेपरने हलका घासायचा. खाचा संपल्या की रबर बदलायचे. तेल साखळीला. रिमला थेंबही लागू द्यायचा नाही, कारण मुलं खरखर ऐकली की आधी खोबरेल शोधतात. शेवटी पट्टी लावून उजेड बघायचा. पट्टी लावायचं काम त्या मुलीकडे आहे. डावं मनगट अजून पूर्ण वळत नाही, पण उजव्या हाताने ती बरोबर धरते.

परवा पाचवीतला एक पोरगा तास चालू असताना दारात आला. "सर, मेरी सायकल कुछ बोल रही है."

आम्ही पुस्तक मिटलं आणि त्याच्याबरोबर बाहेर गेलो.